दीड मार्क कुठे कापला?

"काका, सजावटीला दहापैकी साडेआठ दिलेत. दीड कुठे कापला?"

भाऊबीजेची संध्याकाळ होती. मंडळाच्या फळ्यावर किल्ला स्पर्धेचा निकाल लावून मी घरी निघालो होतो, आणि हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा वाटेत उभा. आवाजात तक्रार नव्हती. नखांत अजून काव अडकलेली होती. पुढच्या वर्षी तो दीड मार्क मिळवायचा तर काय करायला हवं, एवढंच त्याला माहीत करून घ्यायचं होतं. मी काहीतरी बोललो. 'एकूण परिणाम' असे दोन शब्द त्यात होते, हे मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. त्याने मान हलवली आणि गेला. मोठ्या माणसाने आपल्याला वाटेला लावलं हे कळलेल्या मुलाची मान जशी हलते, तशी.

खरं उत्तर असं होतं, की तो दीड मार्क मी कुठेच कापला नव्हता. म्हणजे त्याचा किल्ला बघून कापला नव्हता. दहापैकी दहा द्यायचे नसतात ही शाळेत लागलेली खोड. शिवाय आत्ताच नऊ देऊन टाकले आणि पुढच्या गल्लीत याहून सरस किल्ला निघाला तर काय करा, ही कारकुनी सावधगिरी. आणि त्याचा किल्ला सतरावा होता. तोपर्यंत सहा घरचा चिवडा पोटात गेला होता, गुडघे बोलायला लागले होते. दीड मार्क माझ्या गुडघ्यांनी कापला होता, असं त्याला कसं सांगणार?

ही 2016 सालची गोष्ट. मी पुण्याचा, सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत भटकणारा माणूस. तेवढ्या भांडवलावर मंडळाने मला परीक्षक केलं. 'तुम्ही किल्ले पाहिलेत ना, मग झालं तर.' तेव्हापासून 2020 ची दिवाळी सोडली तर दरवर्षी मी हातात पुठ्ठा, त्याला लावलेला तक्ता आणि खिशात दोन पेनं घेऊन लक्ष्मीपूजनाच्या दुपारी निघतो. पाच रकाने, प्रत्येकी दहा मार्क: मूळ गडाशी साम्य, बांधणी, सजावट, माहिती, आणि पर्यावरण. शेवटचा रकाना सेक्रेटरींच्या आग्रहाखातर.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्यांसाठी थोडं सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडची मुलं मातीचा किल्ला करतात. वसुबारसेच्या आगेमागे विटा, दगड, फुटके पत्र्याचे डबे गोळा होतात, त्यांचा डोंगर रचला जातो. त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पांघरायचं, की कडे आणि घळी आपोआप पडतात. मग तटबंदी, बुरूज, दरवाजा, पाण्याचं टाकं. उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची. तीन-चार दिवसांत हिरवं लुसलुशीत गवत उभं राहतं. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर भालेवाले मावळे, पायथ्याला शेतकरी, गवळण आणि गुहेत एक वाघ, जो प्रमाणात पाहिला तर महाराजांच्या तिप्पट असतो. या मूर्तींना आम्ही 'चित्रं' म्हणतो. कुंभारवाड्यातून, मंडईतून ती आणायची आणि वर्षभर माळ्यावर जपून ठेवायची. दरवर्षी एखाद्याचा हात तुटतो. तुटक्या हाताचा मावळा मागच्या बाजूला उभा राहतो, पण राहतो.

तर मी निघालो. पहिल्या एक-दोन वर्षांचा मी कसा परीक्षक होतो, ते आज आठवलं की अंगावर काटा येतो. मला गड माहीत होते, आणि ते मला माहीत आहेत हे मुलांनाही कळायला हवं होतं. 'बालेकिल्ला एवढा बुटका असतो का?' 'टकमक टोक या बाजूला कुठून आलं?' मराठीत दोष काढण्याला आपण 'नावं ठेवणं' म्हणतो. बाराव्या दिवशी बाळाला ठेवतो तेही नाव आणि हेही नावच. भाषेची ही गंमत मला नेहमी वाटत आलीय. पुण्यात नावं ठेवणं हा गुन्हा मानत नाहीत, ती जाणकारीची खूण मानतात. मी जाणकार होतो.

एका मुलीने राजगड केला होता. नऊ-दहा वर्षांची असेल. राजगड ओळखू येतो तो त्याच्या माच्यांमुळे: पद्मावती, सुवेळा, संजीवनी आणि मध्ये बालेकिल्ला. या मुलीची संजीवनी माची मात्र इतकी लांबली होती, की गॅलरीची कड संपल्यावर तिने पुढे एक पाट मांडून माची त्याच्यावर नेली होती. बाकी सगळा गड त्या माचीपुढे शेपटाला चिकटलेल्या सरड्यासारखा दिसत होता. मी म्हणालो, "संजीवनी लांब आहे हे खरं, पण एवढी नाही. प्रमाण चुकलंय." आजूबाजूला तिचे मित्र, आई, शेजारचे आजोबा. ती म्हणाली, "लांबच आहे. मी चाललीय. पाय दुखून आले, तरी संपतच नव्हती."

मी तक्त्यात सात लिहिले आणि पुढे गेलो.

आता यात गोम अशी, की 'मूळ गडाशी साम्य' या रकान्यात ते सात बरोबरच होते. आजही मी सातच देईन. नकाशा घेऊन बसलं तर ती माची अडीचेक किलोमीटरची आहे आणि बाकीच्या गडाशी तिचं जे नातं आहे ते पाटावर जाण्याइतकं नाही. पण ज्याने चैत्राच्या उन्हात ती माची तुडवलीय, दुहेरी तटाच्या आतल्या अरुंद वाटेने शेवटच्या चिलखती बुरुजापर्यंत गेलाय आणि मग तितकंच परत यायचंय हे ज्याच्या लक्षात आलंय, त्याला विचारा. त्या मुलीने नकाशा केला नव्हता, आठवण केली होती, आणि दुखऱ्या पायांची आठवण हुबेहूब होती. माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता, ही तिची चूक नव्हती. पण माझी खरी चूक रकान्यापेक्षाही साधी होती. मी आधी बोललो आणि नंतर ऐकलं. तेही चार माणसांसमोर.

पुढच्या वर्षी तिने किल्ला केला की नाही, असं मला वाचणारा विचारेल. केला. मुलं आपल्याला वाटतं तितकी नाजूक नसतात. पण तिने मला काही सांगितलं नाही. मी विचारलं त्याची उत्तरं दिली, तोफा किती, दरवाजे किती, आणि गप्प उभी राहिली. ते मला जास्त लागलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. 2018 च्या दिवाळीत मी ठरवून सगळ्यांना 'छान' म्हणालो. 'वा!' 'मस्त!' 'काय सुंदर केलाय रे!' सगळ्यांना आठच्या वर मार्क. मला वाटलं, आता कोणाचं मन दुखावणार नाही. तिसऱ्या घरी एका मुलीने शांतपणे सांगितलं, "काका, तुम्ही मागच्या सोसायटीतपण हेच म्हणालात. आम्ही तुमच्या मागेच होतो." मुलं टोळीने परीक्षकाच्या मागोमाग फिरतात हे मी विसरलो होतो.

संध्याकाळी बेरीज केली तर पहिल्या नंबरासाठी अकरा किल्ले अर्ध्या-अर्ध्या मार्काच्या अंतरात. सेक्रेटरी वैतागले, कारण ढाली तीनच आणल्या होत्या. पण त्याहून वाईट एक होतं. त्या अकरांत एक प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला होता. दिवाळीच्या तोंडावर फुटपाथवर मिळतात तसला: रंगवलेला, चकचकीत, उचलून आणायचा आणि ठेवायचा. त्याच्याच शेजारच्या गल्लीत तीन भावंडांनी आठ दिवस चिखलात घालवून पुरंदर आणि वज्रगड अशी जोडी उभी केली होती. दोन्हींना माझ्याकडून सारखंच 'छान' मिळालं. त्या भावंडांतल्या मोठ्याने फळ्यावरचे आकडे वाचले आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. नावं ठेवलेली माणूस सहन करतो, भांडतोही. पण आपलं काम न बघताच कोणी वा म्हणालं, तर त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून?

संस्कृतात कौतुक या शब्दाचा अर्थ कुतूहल, नवल. स्तुती हा अर्थ मागाहून चिकटलेला. एखाद्या गोष्टीचं नवल वाटलं, ती जवळ जाऊन पाहिली, फिरवून पाहिली, की ते कौतुक. माझं 2018 चं कौतुक हे दारातून टाकलेल्या पत्रकासारखं होतं.

नंतर हळूहळू जे जमलं, त्याला पद्धत म्हणणं जास्त होईल. दोन सवयी लागल्या. एक म्हणजे मी खाली बसायला लागलो. हे अक्षरशः म्हणतोय, गुडघ्यांची पर्वा न करता. कारण असं झालं, की एका रायगडापाशी मी नेहमीप्रमाणे उभ्याने पुठ्ठ्यावर लिहीत होतो आणि म्हणालो, "महादरवाजा नाही केलास?" मुलगा म्हणाला, "आहे की. खाली या." मी वाकलो, दिसेना. आणखी वाकलो. शेवटी फरशीला गाल लावला, तेव्हा दोन बुरुजांच्या मधल्या फटीतून आत वळून गेलेला दरवाजा दिसला, वर दोन्ही बाजूंना नखाने कोरलेली दोन कमळं. खऱ्या रायगडावरही तसंच आहे. चढून अगदी जवळ जाईपर्यंत बुरुजांच्या कुशीत लपलेला दरवाजा दिसत नाही. शत्रूला तो दिसू नये म्हणूनच ती बांधणी. त्या मुलाने दरवाजा परीक्षकाला दिसावा म्हणून समोर आणला नव्हता. किल्ल्याच्या नियमाने लपवला होता. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत असे किती दरवाजे मी उभ्यानेच 'नाहीत' म्हणून कापले असतील, देव जाणे.

दुसरी सवय म्हणजे एक प्रश्न. 'हा कोणता गड?' 'कोणी बांधला?' हे प्रश्न मुलांनी पाठ केलेले असतात. त्यांची उत्तरं आईच्या मोबाइलवरून वहीत आणि वहीतून तोंडात आलेली असतात. मी आता आधी विचारतो, "कुठे अडलं होतं?"

या प्रश्नाने काय काय बाहेर येतं! रात्री मांजर माचीवर येऊन झोपलं आणि सकाळी माचीला मांजराच्या आकाराचा खळगा. मग तिथेच तळं केलं. कारंज्यासाठी सलाईनची नळी आणली, डबा वर टांगला, पण पाण्याला जोर येईना. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीला डबा बांधला तेव्हा कारंजं हातभर उडालं, आणि काकूंनी दर तासाला डबा भरून द्यायचं कबूल केलं. अळीव उगवलंच नाही, कारण आजीने भाजलेलं दिलं होतं. एका ठिकाणी कडा सारखा घसरत होता. माती नुसती चिकट असून चालत नाही, वाळली की तडकते. नुसती भुसभुशीत असेल तर पाणी मारलं की वाहून जाते. मग कोणीतरी त्यात गवताचे तुकडे आणि थोडं शेण कालवायला सांगितलं आणि कडा उभा राहिला. मातीच्या भिंती घालणाऱ्यांना जे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, ते या पोरांनी तीन दिवसांत, चार वेळा हरून शोधून काढलं. हे सगळं समोरच्या किल्ल्यात असतंच, पण विचारल्याशिवाय दिसत नाही. चांगलं जमलेलं काम तर मुद्दाम लपतंच. जिथे सगळ्यात जास्त घाम गेला, ती जागा शेवटी सगळ्यात साधी दिसते. तळं पाहून कोणाला मांजर आठवणार?

आणि गंमत म्हणजे 'कुठे अडलं' असं विचारलं, की दोष मला काढावाच लागत नाही. मुलं स्वतःच सांगतात. "हा बुरूज वाकडा झालाय, माहितेय मला. वेळ नव्हता." त्यांना आपल्या कामातलं उणं आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा नेमकं ठाऊक असतं. माझ्या पहिल्या वर्षांतली शहाणपणाची निम्मी वाक्यं त्यांना शिळी वाटली असणार.

सगळंच गोड होतं असं नाही. वडिलांनी केलेले किल्ले ही मोठी डोकेदुखी आहे. थर्माकोल कापायची गरम तार, मोटारीचा पंप, एलईडीच्या माळा, हुबेहूब सिंधुदुर्ग, आणि कोपऱ्यात कंटाळलेला मुलगा. प्रश्न मुलाला विचारला की उत्तर वडील देतात. "कुठे अडलं होतं?" म्हटल्यावर वडिलांचाच चेहरा फुलतो आणि वीस मिनिटं जातात. मी या बाबाला आधी मनातल्या मनात हसायचो. पण एकदा लक्षात आलं की त्याचं काम खरोखर देखणं आहे आणि गल्लीत त्याच्या कामाला जागा नाही. लहान मुलांच्या स्पर्धेत तो शिरला, कारण चाळिशीच्या माणसाने चिखलात बसावं अशी दुसरी सोय आपण ठेवलेली नाही. मी सेक्रेटरींना सांगून मोठ्यांचा वेगळा गट सुरू करवला. पहिल्या वर्षी पाच बाबा आणि एक आजी आली. आजींचा प्रतापगड पहिला आला, आणि एका बाबांनी मार्कांवरून जो वाद घातला तो कुठल्याही मुलाने कधी घातला नव्हता.

जंजिऱ्याची गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. एका मुलाने टबात पाणी भरून मधोमध जंजिरा केला होता आणि त्यावर भगवा लावला होता. आता जंजिरा हा सिद्दीचा किल्ला. महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून समुद्रात भर घालत वाट बांधायला घेतली होती, पण जंजिरा स्वराज्यात कधी आला नाही. साम्याच्या रकान्यात हे चूकच. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "झेंडा वरती नाही लावलेला काका, नीट बघा." खरंच, तो तटावर नव्हता. पाण्याकडच्या भिंतीला हिराच्या झाडूच्या काड्यांच्या शिड्या टेकवल्या होत्या आणि त्यातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर, तटाच्या बोटभर खाली, एका मावळ्याच्या हातात तो झेंडा होता. मग त्याने मला लाय पाटलाची गोष्ट सांगितली. ती मला माहीत होती, पण मी त्याला थांबवलं नाही. जंजिऱ्याजवळच्या महाराजांच्या पद्मदुर्गावरच्या या कोळ्याने रात्री गुपचूप जाऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंत पेशव्यांच्या माणसांची वाट पाहत बसला. माणसं आलीच नाहीत. उजाडायला लागलं तशा शिड्या काढून घेऊन तो परतला. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, आम्ही दर्यावर राहणारी माणसं, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी त्याला गलबत दिलं आणि त्या गलबताचं नाव ठेवलं 'पालखी'. गोष्ट अशी सांगतात.

मोहीम फसली होती. किल्ला हाती आला नव्हता. शिड्या लावण्याचं काम मात्र चोख झालं होतं, आणि ते ओळखणारं माणूस वर बसलं होतं. मुलाला मी काय मार्क दिले ते इथे सांगत नाही. त्या झेंड्यावरून सेक्रेटरींचं आणि माझं अजून एकमत नाही.

हे सगळं लहान मुलांचं झालं, असं माझी भाची म्हणते. ती कॉलेजात एकांकिका करायची. "मामा, तुझ्या पोरांना तू काहीही म्हण. आम्हाला गोड बोलणारे परीक्षक नको असायचे." पुण्यात एकांकिका म्हटलं की पुरुषोत्तम करंडक. 'महाराष्ट्रीय कलोपासक' या संस्थेने 1963 मध्ये सुरू केलेली ही कॉलेजांची स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा' ही आरोळी ज्यांनी एकदा ऐकलीय त्यांना सांगायला नको. 2022 च्या महाअंतिम फेरीत परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही असं ठरवलं आणि करंडक कोणालाच दिला नाही. शहरात बरेच दिवस त्यावरून दोन तट होते. आमच्या घरातही होते. मी म्हणायचो, एवढे महिने तालमी करून आलेल्या मुलांना असं रिकाम्या हाताने पाठवायचं? भाची म्हणायची, उलट हाच मान आहे. आमच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा आहे असं कोणीतरी म्हणतंय ना? लहान मूल समजून गोंजारत तरी नाहीये.

मला तिचं म्हणणं तेव्हा पटलं नाही. आता अर्धं पटतं. निर्णय कडक होता म्हणून तो निष्ठुर होता असं नाही. तो कसा सांगितला गेला, मुलांशी समोरासमोर बसून कोणी किती वेळ बोललं, यावर सगळं आहे, आणि मी तिथे नव्हतो. पण माझ्या गल्लीत मी ढाल कधीच रोखणार नाही. दहा वर्षांच्या पोराला आणि वीस वर्षांच्या नटाला एकाच मापाने मोजायचं नसतं. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मोठं झालं की कौतुक कमी करायचं?" तसं नाही, म्हणालो. मग कसं, याचं उत्तर मला देता आलं नाही. मोठ्यांच्या बाबतीत आपण एवढंच करतो, की कौतुक जाहीर आणि दोष खासगीत सांगण्याऐवजी बरोबर उलटं करतो. कोणाचं नाटक आवडलं तर त्याला एकट्याला गाठून दोन शब्द. पडलं तर चहाच्या टपरीवर सभा.

गेल्या दिवाळीला, म्हणजे 2025 ला, स्पर्धेत वेगळाच उत्साह होता. जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. पोरांनी ती यादी आपसात वाटून घेतली होती. प्रतापगड चार झाले, सिंधुदुर्ग तीन, कारण पाण्यात खेळायला मिळतं. साल्हेर कोणी घेईना. जिंजी एकानेच केला: तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा त्रिकोणी तट, मधोमध काड्यापेट्यांचा कल्याण महाल. मी जिंजी पाहिलेला नाही. तसं त्याला सांगितलं आणि म्हटलं, तू मला दाखव. परीक्षकाने हे कबूल केल्यावर त्या मुलाची उंची दोन इंचांनी वाढली. पाऊण तास मी त्याच्या टेकड्या चढत होतो.

पहिला नंबर मात्र लोहगडाला दिला. मागच्या बिल्डिंगमधल्या चौघांचा. दरवाज्यांची नागमोडी वाट त्यांना सुरेख जमली होती, एकापाठोपाठ एक चारही दरवाजे. सगळ्यात अवघड होता तो विंचूकाटा, गडाच्या एका अंगाने पुढे गेलेली ती अरुंद, लांबलचक माची. "तीन वेळा मोडला," त्यांच्यातला सर्वांत धाकटा म्हणाला. "मग आत काहीतरी घातलंय. पण ते सिक्रेट आहे." मी लिहिलं: बांधणी दहापैकी नऊ. एक का कापला, हेही शेजारी लिहिलं: हनुमान दरवाज्याजवळची पायरी सुटली आहे. आता मी प्रत्येक आकड्याशेजारी लिहितो. त्या कावेच्या नखांच्या मुलाने लावलेली सवय आहे ही. लिहिता येत नसेल, तर तो मार्क कापत नाही.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी मी दूध आणायला खाली उतरलो, तर मागच्या बाजूला मोठा आवाज झाला. गेलो. चौघांनी लोहगड उडवला होता. दिवाळी संपली की किल्ला असाच संपवायचा असतो, दोन सुतळी बॉम्ब उरवून ठेवलेले असतात त्यासाठीच. पण दहा दिवसांपूर्वी मी ज्याच्यापाशी अर्धा तास मांडी घालून बसलो होतो, त्याचं असं झालेलं पाहून माझ्या पोटात कालवलं. महाराज आणि मावळे आधीच बुटाच्या खोक्यात सुखरूप ठेवले होते. धूर, ओल्या मातीचा आणि दारूचा वास, अळिवाचे गठ्ठे भिंतीवर चिकटलेले. चौघंही कमालीची खुशीत.

"काका, कसा फुटला?"

"चांगला फुटला."

"चांगला नाही. दहापैकी सांगा."

मी खाली बसलो. नीट पाहिलं. बालेकिल्ल्याच्या जागी खड्डा होता. महादरवाज्याची कमान दोन हात लांब जाऊन पडली होती. गणेश दरवाजा आणि नारायण दरवाजा यांचा मागमूस नव्हता.

"साडेआठ."

"दीड कुठे कापला?" चौघं एकदम.

मी बोट दाखवलं. सगळ्या राडारोड्यातून विंचूकाटा तसाच्या तसा बाहेर आला होता, टोकाच्या बुरुजासकट. चौघांनी वळून पाहिलं. धाकटा जाऊन त्याला हलवून आला.

"तो नाही फुटणार काका. त्याच्यात छत्रीच्या काड्या आहेत." मग थोडा विचार करून म्हणाला, "तो दीड बांधणीत वाढवा की मग."